भूगर्भातील काम आणि योग्यतेचे प्रमाणपत्र

धोक्याच्या धंद्यात दिल्या जाणाऱ्या योग्यता-प्रमाणपत्राचे प्रयोजन एकच असते. ज्याच्या हाती इतरांचे प्राण सोपवावयाचे, त्याला त्या धोक्याचे ज्ञान आहे किंवा नाही याची परीक्षा जाणत्या आणि त्रयस्थ मंडळाने घ्यावी, आणि तीत उतरल्यावाचून त्याला अधिकार देऊ नये, हे ते प्रयोजन होय. ही कसोटी ज्ञानाची असल्यामुळे परीक्षार्थी स्त्री आहे की पुरुष, हा प्रश्न तिच्या कक्षेत वस्तुतः येतच नाही. असे असूनही भारतातील खाण-उद्योगात हा प्रश्न दीर्घकाळ प्रमाणपत्राच्या आड उभा राहिला. तो कसा उभा राहिला आणि दूर केला जात असताना काय शिल्लक राहिले, याचे परीक्षण करणे अगत्याचे आहे.

खाणीतील अधिकाराची सारी उतरंड प्रमाणपत्रांवर रचलेली आहे. तळाशी सरदार, त्याच्यावर ओव्हरमन, त्याच्यावर द्वितीय व प्रथम श्रेणीचे व्यवस्थापक, अशा तिच्या पायऱ्या आहेत. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अधिकाराखाली या परीक्षा होतात. पाळी सुरू होण्यापूर्वी आपल्या हद्दीतील छत ठोकून पाहणे, हवा खेळती आहे की नाही हे तपासणे, मिथेन वायूचा अंदाज घेणे ही सरदाराची कामे. पूर्वी हा अंदाज सुरक्षा-दीपाच्या ज्योतीवर दिसणाऱ्या निळसर टोपीवरून घेत; आता त्यासाठी उपकरणे आहेत. हवेतील मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ यांच्या दरम्यान आले की ठिणगी पडताच स्फोट होतो. हे प्रमाण ओळखण्यास शिक्षण, अनुभव आणि दक्षता लागते. याहून वेगळा असा कोणताही गुण त्यासाठी लागत नाही.

तथापि कायद्याने विचार केला तो निराळ्याच दिशेने. विसाव्या शतकाच्या आरंभी झरिया व राणीगंज येथील कोळशाच्या खाणींत हजारो स्त्रिया भूगर्भात काम करीत. नवऱ्याने कोळसा फोडावा आणि बायकोने तो वाहून न्यावा, अशी तेथील कामाची रीत होती. १९२९ साली नियम करून भूगर्भातील स्त्रियांची संख्या क्रमाक्रमाने कमी करण्याचे ठरले आणि १९३७ साली बंदी पूर्ण झाली. कोळशाची टंचाई भासू लागताच १९४३ साली तीच बंदी उठविण्यात आली, आणि महायुद्ध संपल्यावर १९४६ साली ती पुन्हा घालण्यात आली. पुढे १९५२ च्या खाण अधिनियमाने तिला कायमचे स्थान दिले.

या बंदीच्या पुरस्कर्त्यांचा हेतू दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. गरोदर स्त्रियांनी अंधारात ओझी वाहावीत, तान्ह्या मुलांना अफू चारून निजवावे, अशी त्या काळची स्थिती होती. ती पाहून ज्यांचे मन द्रवले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु हेतूची शुद्धता ही उपायाच्या योग्यतेचा पुरावा नव्हे. छत कोसळणे, वायू पेटणे, जुन्या खोदकामातील पाणी आत घुसणे, या आपत्ती स्त्री-पुरुष असा भेद जाणत नाहीत. १९७५ च्या डिसेंबरात चासनाळा येथे पाणी घुसून सुमारे पावणेचारशे कामगार बुडाले, तेव्हा स्त्रियांवरील बंदी पूर्णपणे अंमलात होती. बंदीने धोका कमी केला नाही. धोक्याच्या जागी कोणी असावे एवढेच ठरविले. शिवाय १९४३ साली जे संरक्षण कोळशाच्या मागणीपुढे टिकू शकले नाही, ते तत्त्वापेक्षा सोयीवर अधिक उभे होते, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

बंदीचा प्रमाणपत्रावर झालेला परिणाम मात्र हेतूच्या कक्षेबाहेरचा होता, आणि म्हणूनच त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भूमिगत खाणीच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षेस बसावयाचे तर भूगर्भातील प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण भूगर्भात नोकरीस मनाई असलेल्या व्यक्तीने हा अनुभव आणावा कोठून? अनुभव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, आणि कायद्याची मनाई म्हणून अनुभव नाही, अशा चक्रात स्त्री सापडली. तिच्या वाट्याला उरले ते केवळ उघड्या खाणींपुरते मर्यादित असे प्रमाणपत्र. विद्यापीठांच्या वृत्तीवरही या चक्राची छाया पडली. ज्या विदर्भात कोळशाच्या खाणी आहेत, तेथील एका विद्यार्थिनीला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात खनिकर्म अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमात प्रवेश मिळविण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. जिला पुढे कामच मिळावयाचे नाही तिला शिकवावे कशाला, हा युक्तिवाद वरकरणी व्यवहाराचा दिसतो. वस्तुतः तो मनाईचेच दुसरे रूप होता.

येथे एक गोष्ट विशेष नमूद करण्याजोगी आहे. भूगर्भातील कामापासून स्त्रियांना दूर ठेवणारा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा ४५ क्रमांकाचा करार १९३५ साली झाला आणि १९३८ साली भारताने त्यास मान्यता दिली. याच करारात काही अपवाद करण्याची मुभा होती. अंगमेहनत न करणाऱ्या व्यवस्थापक स्त्रिया, आरोग्य व कल्याण सेवेतील स्त्रिया, आणि अभ्यासाचा भाग म्हणून भूगर्भात प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी यांना राष्ट्रीय कायद्याने मोकळीक द्यावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे प्रमाणपत्राकडे नेणारी वाट करारानेच दाखविली होती. १९५२ च्या अधिनियमातील कलमाने मात्र भूगर्भाच्या कोणत्याही भागात स्त्रीला नोकरीवर ठेवू नये, असे सरसकट शब्द वापरले.

२९ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने अखेर ही मनाई सैल केली. तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या ज्या कामात सतत उपस्थितीची आवश्यकता नसेल, अशा कामावर सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळात, लेखी संमती घेऊन आणि एका पाळीत किमान तीन जणींच्या गटाने, स्त्रियांना भूगर्भात नेमण्याची परवानगी मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत राजस्थानातील जस्ताच्या आणि झारखंडातील कोळशाच्या भूमिगत खाणींत स्त्री-अभियंते रुजू झाल्या. हे पाऊल स्वागतार्ह होते. तथापि अधिसूचनेचे शब्द बारकाईने वाचले असता तिची मर्यादा ध्यानी येते. सरदाराची देखरेख पाळीभर चालते. सतत उपस्थिती हाच तिचा आत्मा आहे. तेव्हा पदवी घेऊन आलेल्या स्त्रीला वरच्या पायरीवर जागा मिळाली, पण तळाच्या पायऱ्या बंदच राहिल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी झरियात कोळसा वाहिला, त्या घरांतील मुलींना या सवलतीचा काडीमात्र उपयोग नव्हता. मनाईतील स्त्री-पुरुष भेद कमी झाला आणि त्याची जागा वर्गभेदाने घेतली.

२०२४ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने उपर्युक्त करार रद्द केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून भारतात व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती यासंबंधीची २०२० ची संहिता अंमलात आली. सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामावर नेमले जाण्याचा हक्क तिने स्त्रियांना दिला आणि धोक्याच्या कामी पुरेशा सुरक्षिततेची व्यवस्था करण्याचे उत्तरदायित्व मालकावर टाकता येईल अशी तरतूद केली. तत्त्वाच्या दृष्टीने हा मोठा पालट आहे. आजवर कायदा कामगाराची निवड करून धोका टाळू पाहत होता. यापुढे काम सुरक्षित करून धोका टाळावा, अशी त्याची दिशा दिसते.

परंतु हक्क आणि प्रमाणपत्र यांमधले अंतर केवळ कलमाने भरून येत नाही. अनुभवाची अट कायम राहणार, आणि राहावी. पण तो अनुभव मिळविण्याच्या जागा सरदाराच्या पायरीपासून स्त्रियांना खुल्या झाल्या पाहिजेत. भूगर्भात शौचालय नसेल, पादत्राणे व शिरस्त्राणे अंगाला बसणारी नसतील, तर संमतीच्या कागदास अर्थ राहणार नाही. उलट पक्षी, स्त्रियांसाठी सौम्य अशी वेगळी परीक्षा काढण्याचा मोहही टाळावयास हवा. सवलतीने मिळालेल्या प्रमाणपत्रावर खाणीतील कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि छताखाली काम करणाऱ्यांच्या जिवाशी तो खेळ ठरेल. परीक्षा एकच असावी, कठोर असावी, आणि तिच्या दारापर्यंत जाण्याची वाट सर्वांना सारखीच मोकळी असावी. प्रमाणपत्राच्या मूळ प्रयोजनाशी हेच सुसंगत आहे, आणि सुरक्षिततेचे हितही यातच आहे.