'औषधे नकोत' : एक अर्धसत्य

'गरोदरपणात औषधे घेऊ नयेत' हा उपदेश घरीदारी सरसकट केला जातो. आमच्या मते तो अपुरा, म्हणून धोक्याचा आहे.

महाड तालुक्यातीलच उदाहरण पाहू. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. म्हणजे औषधाची पारख त्याच्या कार्यावरून करायची असते.

गरोदरपणातही हेच लागू पडते. एनालाप्रिलने रक्तदाब उतरतो, पण गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मिथिलडोपा, लॅबेटालॉल, निफेडिपिन ही औषधे मात्र गरोदरपणात दीर्घकाळ वापरात आहेत. उलट, भीतीपोटी गोळी अचानक बंद केली आणि रक्तदाब फार वाढला, तर आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळालाही धोका असतोच.

वरंधसारख्या घाटपायथ्याच्या गावात शिक्षकाचा शब्द मानला जातो. तेव्हा वर्गात उपदेश पुरा सांगावा : दिवस राहण्याआधीच, निदान कळताच, चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने घेऊ नका, आपल्या मनाने थांबवूही नका.