तानाजीच्या पोवाड्याची कथनरीति व तिचें ऐतिहासिक प्रामाण्य

माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यानें सिंहगड सर केला व तो त्याच झुंजांत पडला, एवढी गोष्ट निर्विवाद आहे. परंतु लोकांच्या तोंडीं जी हकीकत आहे तींत यापेक्षां पुष्कळ अधिक आहे. रायबाचें लग्न, जिजाबाईंचा सोंगट्यांचा डाव, कड्यावर चढणारी घोरपड, उदेभानाच्या बंदींत पडलेली कमलकुमारी, हीं सर्व एकाच कथेचीं अंगें म्हणून सांगितलीं जातात. यांपैकीं कोणतें अंग कोठून आलें, व तें कथेंत कां टिकलें, याचा विचार येथें कर्तव्य आहे. पोवाडा खरा कीं खोटा, एवढाच वाद आजवर बहुधा घातला गेला. त्याची सांगण्याची रीति कशी आहे हें पाहिल्यावांचून त्या वादाचा निकाल लागणार नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम सभासदाची बखर घेऊं. ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीस लिहिली गेली. तींतील कथन आटोपशीर आहे. पांचशें मावळे, त्यांतून निवडलेले दोघे वानरासारखे कडा चढून गेलेले, उदेभान रजपूत, ढाल तुटल्यावर डाव्या हातावर वार झेलणारा तानाजी, दोघांही सरदारांचें पडणें, भाऊ सूर्याजीनें लोक सांवरणें, आणि पागेचीं घरें पेटवून दिलेला इशारा. हा उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला असें सभासद सांगतो. येथें घोरपड नाहीं, लग्न नाहीं, सोंगट्याही नाहींत.

तुळशीदास शाहिराचा पोवाडा याच्या अगदीं उलट आहे. तो डफ-तुणतुण्यावर गावयाचा असून झिलकऱ्यांनीं ओळीचा शेवट उचलून धरावयाचा असतो. रात्रभर बसलेल्या श्रोत्यांस खिळवून ठेवणें हें त्याचें पहिलें काम. म्हणून मुख्य प्रसंग जितका लांबविता येईल तितका शाहीर लांबवितो. जिजाबाई प्रतापगडावरून सिंहगड पाहतात, महाराजांस बोलावून घेतात, डाव जिंकतात, आणि पणांत तोच गड मागतात. पुढें तानाजी मुलाच्या लग्नाच्या गडबडींत असतां त्यास बोलावणें येतें. मग ऐशीं वर्षांचा शेलारमामा बरोबर निघतो. घोरपड कड्यावरून माघारी फिरते व तानाजीनें दरडावल्यावर पुन्हां चढते. प्रत्येक ठिकाणीं गड समोर आहे, पण हातीं येत नाहीं. ही दिरंगाई हा पोवाड्याचा दोष नव्हे. तोच त्याचा प्राण आहे. शेवटचें झुंज जें अंगावर कांटा आणतें तें या विलंबाच्या जोरावरच.

प्रतिपक्षाच्या वर्णनांतही हीच रीति आहे. सभासदाचा उदेभान रजपूत आहे व बरोबरीचा योद्धा आहे. पोवाड्यांत तोच मोंगल होतो. त्यास अठरा बायका व बारा मुलगे दिले आहेत, आणि त्याचा आहार राक्षसाचा आहे. नायक पडावयाचा असेल तर त्यास पाडणारा सामान्य मनुष्य असून चालत नाहीं, हा श्रोत्यांचा न्याय आहे. येथून रजपुतांची जात शोधूं पाहणारा संशोधक फसेल.

यावरून आम्ही एक कसोटी सुचवितों. पोवाड्यांतील कोणताही तपशील पुरावा म्हणून घेण्यापूर्वीं, तो कथनास आवश्यक होता काय, हें पाहावें. आवश्यक असेल तर तो एकटा पुरावा होऊं शकत नाहीं, त्यास दुसरें साधन पाहिजे. आवश्यक नसतांही जो टिकला असेल, त्याकडे मात्र आदरानें पाहावें.

घोरपड या कसोटीस उतरत नाहीं. अवघड कडा व सामान्यांस न सुचणारी युक्ति हें गडाच्या कथांचें ठराविक अंग आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या हकीकतींत हाच प्रसंग खेळणा, म्हणजे विशाळगड, घेण्याच्या संबंधानें बहामनी काळांत घातलेला आहे, व घराण्याच्या नांवाची उपपत्ति त्यावरच बसविली आहे. एकच प्राणी दोन शतकांच्या अंतरानें दोन कडे चढतो, तेव्हां तो घटनेचा नसून कथेचा आहे असें म्हणणें प्राप्त होतें. प्रतापगडावरून सिंहगड पाहण्याची गोष्टही तशीच. दोहोंमध्यें सरळ रेषेनें सुमारें ५० किलोमीटर अंतर व मधें सह्याद्रीच्या रांगा आहेत. उलट राजगडाहून सिंहगड सुमारें १५ किलोमीटर आहे. रात्रींचा जाळ तेथून दिसावा यांत नवल नाहीं. सभासदाचा तपशील भूगोलाशीं जुळतो, शाहिराचा जुळत नाहीं.

परंतु तानाजीचें उमरठें हें गांव पाहा. कथेस एक गांव हवें होतें. हेंच हवें होतें असें नाहीं. सभासद तें सांगत नाहीं, पोवाडा सांगतो, आणि पोलादपूर तालुक्यांतील उमरठ येथें आजही तानाजीची समाधि दाखविली जाते. दरबारी बखरकारास ज्याची गरज वाटली नाहीं, तें मावळच्या व कोंकणच्या स्मृतीनें जपलें. पोवाड्याचें खरें मोल अशा जागीं आहे.

कथेचा पुढील प्रवासही याच दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. हरि नारायण आपटे यांनीं ‘गड आला, पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहितांना उदेभानास पुन्हां रजपूत केलें. पण कादंबरीस राक्षस चालत नाहीं, खलपुरुषास हेतु लागतो; म्हणून कमलकुमारी आली. बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वतीनें ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, १९३३ सालीं प्रभातनें त्याच नांवाचा बोलपट काढला. दोन्ही आपट्यांच्याच वाटेनें गेले. पुढें २०२० सालच्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटांतही कमल आहेच, शिवाय एक अजस्र तोफ आहे. शाहिरानें श्रोत्यांसाठीं जें केलें तेंच चित्रपटानें प्रेक्षकांसाठीं केलें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती अशी कीं, कादंबरीकारानें आपल्या कामासाठीं घडविलेली स्त्री आतां इतिहासांतील व्यक्ति म्हणून सांगितली जाते.

खुद्द त्या प्रसिद्ध उद्गाराचेंही असेंच झालें आहे. सभासदाच्या महाराजांनीं एक गड मिळाला व एक गड गेला, अशा अर्थाचे शब्द काढले आहेत; तेथें तानाजीच गड आहे, सिंह नाहीं. सिंहाची योजना अधिक चटकदार खरी, व तिच्यावरून गडाचें नांव पडलें असें पुष्कळ मानतात. पण सिंहगड हें नांव महाराजांच्या १६६३ च्या पत्रांत आलेलें आहे. अर्थात् नांवावरून उद्गार सुचला, उद्गारावरून नांव नव्हे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शाळिग्राम व ॲक्वर्थ यांनीं १८९१ मध्यें, व पुढें यशवंत नरसिंह केळकर यांनीं १९२८ पासून, पोवाडे छापून मोठें उपकार केले आहेत. परंतु छापील प्रत मिळाली म्हणून हातचें बाड निरुपयोगी झालें असें समजूं नये. बाड उतरून घेतांना पाठ शुद्ध करूं नये; चौकांचा क्रम, गाळलेले चौक, समासांत लिहिलेलें ध्रुपद, गाणाराच्या खुणा, हें सर्व जसेंच्या तसें टिपावें. कोणत्या प्रतींत घोरपड लांबली आहे व कोणत्या प्रतींत एखादें अनावश्यक गांव शिल्लक आहे, हें पुष्कळ प्रती शेजारीं ठेवल्यावरच कळेल. ज्यांच्या घरीं असें बाड असेल त्यांनीं तें वाळवी लागण्यापूर्वीं एखाद्या संशोधनसंस्थेच्या दप्तरीं पोंचवावें, निदान त्याची पानवार प्रतिमा तरी ठेवावी. एक बाड नष्ट झालें म्हणजे एक पाठ गेला, आणि वरील कसोटीस तितका आधार कमी झाला.