सातबाऱ्यावर माणसं मोजू नका

दौंड तालुक्यातल्या एखाद्या गावावर प्रबंध करायचं ठरलं की बहुतेक जण आधी सातबारा काढतात. तो आता घरबसल्या बघता येतो, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. सोय मोठी आहे. तक्रार आहे ती पुढच्या पायरीची: उताऱ्यावरची नावं मोजून 'गावात इतके शेतकरी, त्यात इतक्या स्त्रिया' असं लिहून टाकायचं. हे वाक्य कुठे चुकतं ते बघू.

सातबारा म्हणजे दोन गाव नमुने. सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद. जमीन कुणाच्या नावावर आणि तिच्यात काय पिकतं, हे महसूल खात्याचे प्रश्न. गावात राहतं कोण, हे तिथे विचारलेलंच नाही. दौंड जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमधलं कुटुंब, राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतीतलं कुटुंब, हंगामात आलेली ऊसतोड टोळी: ही माणसं इथे राहतात, पण इथल्या सातबाऱ्यावर त्यांना शोधून उपयोग नाही.

नाव असलं तरी सावध राहा. जुन्या उताऱ्यावर 'ए. कु. मॅ.' दिसलं तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्यामागे भाऊ आणि त्यांची घरं आहेत. बहिणींची नावं कित्येकदा 'इतर हक्क' या रकान्यात असतात. मग फक्त खातेदारांचा रकाना मोजला तर बायका शेतीत नाहीतच, असा निष्कर्ष निघतो. तो गावाचा नव्हे, रकान्याचा निष्कर्ष असतो.

बाराचंही तसंच. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवतो. आधी ते काम तलाठ्याचं होतं. नोंद करणाराच बदलला, तर आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एका आलेखात कसे जोडणार?

जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. हे गृहीतक कोर्टकचेरीसाठी ठीक. संशोधकाने ते उसनं घेऊ नये.

मग करायचं काय? उताऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या आणि गाव नमुना सहा वाचा. वारस, खरेदी, वाटप, हक्कसोड... नाव का आलं, का गेलं, ते तिथे कळतं. गावठाणातल्या घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात नगरपरिषदेची कर आकारणी नोंदवही बघा. सोबत मतदार यादी ठेवा. जन्म-मृत्यूची नोंद मात्र जपून वापरा, कारण ती घटना घडली तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, नाहीतर पुण्याच्या दवाखान्यात झालं, तर ते मूल दौंडच्या नोंदवहीत सापडणारच नाही. म्हणून जन्म कमी झाले असं नाही.

आणि एक. उतारा कुणालाही बघता येतो, म्हणून प्रबंधात नाव आणि गट नंबर छापायची मुभा मिळत नाही. एखाद्या बहिणीने हक्कसोड केलं, ही ओळ तुमच्यासाठी पुरावा असेल. तिच्या घरात तो अजून न मिटलेला वाद असू शकतो. नावं बदला, गट नंबर गाळा. आणि प्रत्येक तक्त्याखाली लिहा: ही नोंद कुणी, कशासाठी ठेवली होती.