गृहशिक्षण आणि पालकांचे कायदेशीर कर्तव्य : ‘संधी’ व ‘प्रवेश’ या दोन शब्दांची चिकित्सा

प्रास्ताविक :

महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर काम करीत असताना काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा अर्ज समोर आला. ‘यापूर्वीच्या शाळेचे नाव’ या रकान्यात त्याने ‘घरी’ असे लिहिले होते. कार्यालयातील मंडळींना प्रथम ती चूक वाटली. तथापि मुलाचे शिक्षण खरोखरच घरी झाले होते व राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावीची गुणपत्रके त्याच्याजवळ होती. अर्ज नियमात बसत होता. अडचण होती ती फक्त त्या रकान्याची. घरी शिकविणे हे आपल्या कायद्याला मान्य आहे काय, असा प्रश्न त्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारला. त्याचे सरळ उत्तर प्रस्तुत लेखकास देता आले नाही. ते का देता येत नाही, याचा शोध येथे कायद्याच्या भाषेच्या आधारे घ्यावयाचा आहे. कायदा हाही एक मजकूरच असतो. साहित्यकृतीप्रमाणे त्यातील शब्दयोजना, मौन आणि अपवाद हे सारे वाचकाशी काही बोलत असतात, असे येथे गृहीत धरले आहे.

दोन तरतुदी, दोन शब्द :

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तीन गोष्टी केल्या. अनुच्छेद २१-क द्वारे सहा ते चौदा वर्षे वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, अनुच्छेद ४५ चे स्वरूप बदलून तेथे सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपन व शिक्षणाचा निर्देश घातला आणि अनुच्छेद ५१-क मध्ये (ट) हे नवे मूलभूत कर्तव्य जोडले. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्यास शिक्षणाच्या संधी उपलब्ध करून देणे हे माता-पित्याचे वा पालकाचे कर्तव्य आहे, असा त्या खंडाचा आशय आहे. येथे शाळेचा उल्लेख नाही. घटनाकर्त्या संसदेने ‘संधी’ हा व्यापक शब्द वापरला आणि ती कोठे मिळावी हे पालकांवर सोडले, असा अर्थ या शब्दयोजनेतून सहज निघतो.

याच दुरुस्तीतून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ जन्माला आला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १० मध्ये पालकांचे कर्तव्य पुन्हा सांगितले आहे. परंतु शब्द बदलला. आपल्या पाल्यास नजीकच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणे वा दाखल करविणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य राहील, असे हे कलम म्हणते. ‘संधी’च्या जागी ‘प्रवेश’ आला. त्यात भर म्हणजे कलम २ मधील व्याख्येनुसार ‘शाळा’ म्हणजे प्राथमिक शिक्षण देणारी मान्यताप्राप्त शाळा होय. या व्याख्येत घर बसत नाही. म्हणजेच घटनेच्या भाषेत गृहशिक्षणाला वाव आहे, अधिनियमाच्या भाषेत तो दिसत नाही. मूळ संहितेपेक्षा भाष्य अरुंद असावे, अशी ही स्थिती आहे.

मात्र अधिनियम पुढे वाचत गेल्यास आणखी एक विशेष लक्षात येतो. मान्यतेशिवाय शाळा चालविणाऱ्यास कलम १८ अन्वये एक लाख रुपयांपर्यंत दंड व उल्लंघन चालू राहिल्यास प्रतिदिनी दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कलम १० चे पालन न करणाऱ्या पालकास मात्र कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. कलम ८ मध्ये ‘सक्ती’ या शब्दाचे जे स्पष्टीकरण आहे, त्यानुसार प्रवेश, उपस्थिती व शिक्षण पूर्ण होणे यांची हमी देण्याचे बंधन शासनावर आहे. मराठी वाचकाला ‘सक्तीचे शिक्षण’ म्हटले की पालकावरची सक्तीच आठवते आणि त्याला इतिहास आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. नामदार गोखले यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. एक रुपया ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. २००९ च्या अधिनियमाने हा दंड पालकाच्या डोक्यावरून उतरविला. गरिबीमुळे मूल शाळेत न जाणाऱ्या घरावर आणखी दंड लादू नये, हा विचार योग्यच होता. पण दंड नसलेले कर्तव्य हे मनाईही ठरत नाही आणि परवानगीही.

मौनाचे अर्थ :

अधिनियमाच्या मजकुरात घरी शिकण्याचा उल्लेख एकाच ठिकाणी येतो, तोही २०१२ च्या दुरुस्तीने. बहुविकलांग व तीव्र स्वरूपाचे अपंगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क कलम ३ मध्ये घालण्यात आला. कायद्याच्या अर्थनिर्णयात एक जुना नियम आहे : एकाचा स्पष्ट उल्लेख केला म्हणजे इतरांना वगळले. तो येथे लावला, तर अन्य बालकांना घरी शिकण्याचा हक्क नाही असा निष्कर्ष निघतो. याउलट, जे दंडनीय केलेले नाही ते निषिद्धही नाही, असे म्हणणाराही तितकाच बरोबर ठरतो. २०१२ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयापुढील एका याचिकेत, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा अधिनियम येत नाही, अशी भूमिका केंद्र शासनाच्या प्रतिज्ञापत्रात मांडली गेली होती. तथापि प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे व न्यायनिर्णयही नव्हे. त्यावर विसंबून पालकाने दहा वर्षांचा आराखडा आखावा, हे धाडसाचेच आहे.

इंग्लंडच्या कायद्याशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. तेथील १९४४ च्या व पुढे १९९६ च्या शिक्षण कायद्याने पालकाचे कर्तव्य सांगताना शाळेतील उपस्थिती ‘किंवा अन्य प्रकारे’ अशी जोड दिली. त्या शब्दांवर तेथील गृहशिक्षणाचा सारा डोलारा उभा आहे. जर्मनीत याच्या उलट शाळेतील उपस्थितीच बंधनकारक आहे आणि २०१९ मध्ये वुंडरलिश प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही जर्मन शासनाची कृती उचलून धरली. दोन्ही देशांत पालकाला आपण कोठे उभे आहोत हे कळते. आपल्याकडे ते कळत नाही. विशेष म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळातील दिल्ली प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९६० मध्ये मूल शाळेत न जाण्याचे एक ग्राह्य कारण म्हणून, अन्य प्रकारे मिळणारे व शासनाने समाधानकारक ठरविलेले शिक्षण स्पष्टपणे नमूद होते. ही वाट आपल्या विधिभाषेला अपरिचित नव्हती. २००९ मध्ये ती गाळली गेली.

परीक्षांच्या नियमांतही हीच विसंगती उतरली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास माध्यमिक अभ्यासक्रमासाठी आठवीचे प्रमाणपत्र नसल्यास स्वयंघोषणापत्रावर प्रवेश मिळतो. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसणाऱ्याकडे मात्र पूर्वीच्या शाळेचा दाखला मागितला जातो. घरी शिकलेल्या मुलावर केंद्राच्या संस्थेने विश्वास ठेवायचा आणि राज्याच्या मंडळाने पुरावा मागायचा, याची तर्कसंगती लागत नाही. २०१६ मध्ये मुंबईतील एका मुलीला आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटीने प्रवेश दिला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीची दारे तिला बंद होती. या बातमीचे खूप कौतुक झाले. पण ते अपवादाचे कौतुक होते, हे विसरता कामा नये.

घर म्हणजे काय? :

गृहशिक्षणाची चर्चा मराठीत नवी मानली जाते, ते वास्तवाला धरून नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविले ते आईवडिलांनी. आनंदीबाई जोशी गोपाळरावांच्या हाताखाली शिकल्या. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ व लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मचरित्रे एका अर्थाने गृहशिक्षणाचेच दस्तऐवज होत. ती या दृष्टीने वाचली, तर घराविषयीचा भाबडेपणा उरत नाही. न्यायमूर्ती शिकवू पाहतात आणि त्याच घरातील बायका त्या शिकण्याला विरोध करतात. मुलीचे शिकणे हे घरातील कर्त्या पुरुषाच्या इच्छेवर आणि घराच्या मर्जीवर अवलंबून राहते. ज्या घरी अशी इच्छा नव्हती, त्या घरातील मुलींनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. म्हणून कायद्याने घराकडे संशयाने पाहावे याला मराठी समाजाच्या अनुभवातच आधार आहे आणि गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी तो नाकारू नये.

शिंदखेड्यासारख्या तालुक्यातून हा प्रश्न पाहिला, की तो आणखी वेगळा दिसतो. दिवाळीनंतर धुळे-नंदुरबार भागातील कुटुंबे उसतोडीसाठी गुजरातेत जातात. खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या या कोयत्यांचे वर्णन यान ब्रेमन यांनी आपल्या अभ्यासात फार पूर्वी केले आहे. मुले बरोबर जातात. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा, शिक्षण हमी पत्रक असे उपाय योजले गेले. तरी हजेरीपटावर नाव आणि उसाच्या फडात मूल, हे चित्र पूर्णपणे पुसले गेलेले नाही. उद्या कायद्यात केवळ ‘किंवा घरी’ एवढीच जोड दिली, तर या मुलाच्या नावापुढेही ‘घरी शिकतो’ असे लिहिणे सोपे होईल. मुलींच्या बाबतीत तर ते अधिकच सोपे. शहरातील सुशिक्षित पालकाला हवे असलेले स्वातंत्र्य येथे शासनाची पळवाट होऊ शकते, ही भीती प्रस्तुत लेखकास अनाठायी वाटत नाही.

आणि तरीही मौन हा त्यावरचा उपाय नव्हे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीला आपल्याकडे शिक्षणापलीकडचे मूल्य आहे. जातीचा दाखला काढताना आणि जात पडताळणी समितीपुढे वडील-आजोबांच्या शाळेतील नोंदी मागितल्या जातात. खानदेशातील अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना त्या एका ओळीची किंमत चांगली ठाऊक आहे. घरी शिकलेल्या मुलाजवळ ती ओळ नसते आणि त्याच्या मुलांजवळही पुढे ती नसेल. पुण्या-मुंबईच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो, कारण तेथे तो अडत नाही.

त्यामुळे परवानगीपेक्षा नोंद हा शब्द अधिक उपयोगी ठरावा असे वाटते. घरी शिकविणाऱ्या पालकाने नजीकच्या शाळेत मुलाचे नाव ‘गृहशिक्षण’ या स्वतंत्र शेऱ्यासह नोंदवावे, मूल वर्षातून एकदा मुख्याध्यापकांसमोर हजर व्हावे, त्याला वाचता-लिहिता येते किंवा कसे हे पाहिले जावे आणि मागितल्यास शाळेत परत येण्याचा त्याचा हक्क अबाधित राहावा. वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहेच. तिला ही नोंद जोडता येईल. फडावर गेलेले मूल मुख्याध्यापकांसमोर हजर होणार नाही आणि ते न येणे निदान कागदावर दिसेल. मुख्याध्यापकांवर आधीच माहिती भरण्याचा केवढा भार आहे, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. आमच्या प्रवेश अर्जावरील तो रकाना मात्र अद्याप तसाच आहे. त्या विद्यार्थ्याच्या अर्जावर शेवटी आम्ही ‘घरी’ हा शब्द खोडून मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्राचे नाव लिहिले होते.