‘तुरळक’ ह्या संज्ञेचा अर्थ : गारपिटीच्या इशाऱ्यांची भाषा

हवामानखात्याच्या मराठी इशाऱ्यांत ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ हा प्रयोग रूढ आहे. पारिभाषिक दृष्ट्या ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. ही संज्ञा व्याप्ती सांगते. तीव्रता सांगत नाही. लोकव्यवहारात मात्र ‘तुरळक’ ह्या शब्दास विरळपणाबरोबर क्षुल्लकपणाचीही छटा आहे. तुरळक गर्दी किंवा तुरळक पाऊस कोणी फारसा मनावर घेत नाही. परिभाषा आणि व्यवहार यांतील हे अंतर गारपिटीच्या बाबतीत घातक ठरू शकते.

कारण गारपीट स्वभावतःच तुरळक असते. भूस्थिर उपग्रहास मेघाचा केवळ माथा दिसतो. २०१३ साली सोडलेल्या इन्सॅट-३डी उपग्रहाच्या अवरक्त चित्रातील एकेक ठिपका सुमारे ४ किलोमीटरचा होता. माथ्याचे तापमान झपाट्याने उतरले की मेघ वेगाने वर चढत आहे, एवढे कळते. गारा बनल्या की नाही, हे कळत नाही. रडारचे तरंग मेघाच्या पोटात शिरतात. तेथील प्रतिध्वनी ५५ डीबीझेडच्या पुढे गेला, म्हणजे गारांचा संशय बळावतो. आडवे व उभे असे दोन्ही तरंग सोडणारे रडार अधिक पुरावा देते : पडणारा मोठा थेंब चपटा होतो, गार गडगडत येते, म्हणून गारेचे दोन्ही प्रतिध्वनी जवळजवळ समान असतात. ह्या पुराव्यातून उमटते ती बहुधा काही किलोमीटर रुंदीची पट्टी. पट्टीबाहेर सारे शांत. आत द्राक्षबाग भुईसपाट.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा व विदर्भातील रब्बी पिकांनी हा अनुभव घेतला. १३ मे २०२४ रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईवर धुळीचे वादळ आले, ते अल्पकाळच. तेथे मारक ठरला तो वारा, गारा नव्हेत. घाटकोपरला जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. व्याप्ती वा अवधी थोडा, म्हणून संकटही थोडे, हे अनुमान दोन्ही प्रसंगी खोटे ठरते.

‘तुरळक’ ही संज्ञा टाकून द्यावी, असा ह्याचा अर्थ नव्हे. केंद्रांच्या गणनेसाठी ती नेमकी आहे. परंतु रडार दोन केंद्रांमधील मोकळी जागाही पाहते. तेव्हा इशाऱ्यात व्याप्ती आणि तीव्रता ह्यांना स्वतंत्र शब्द हवेत. ‘थोड्या भागात, परंतु तीव्र गारपीट’ एवढे म्हटल्यानेही शेतकऱ्यास आपण त्या थोड्यांत असू शकतो, ही जाणीव होईल.