फुरसत कुणाची? : प्राथमिक शाळेतल्या शास्त्रीय मैफलीविषयी

आज आपल्याला एका चांगल्या कामाची चिकित्सा करायची आहे. वाईट कामाची चिकित्सा सोपी असते, चांगल्या कामाची करताना जीभ जरा अडखळते. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत कलावंतानं स्वतः जाऊन मुलांपुढं गावं-वाजवावं, हे काम चांगलंच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की ते कशासाठी करतो असं आपण सांगतो? कारण 'कशासाठी' बदललं की 'कसं' बदलतं.

आधी थोडा इतिहास. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबार आणि घराणी यांच्या उंबऱ्याआड असलेली विद्या सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत आली. १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक किरण सेठ यांनी स्पिक मॅके सुरू केलं आणि थोर कलावंत विद्यार्थ्यांसमोर येऊन बसू लागले. दारं उघडत गेली. पण ज्या मुलाच्या घरात दोन वेळचं जेवण हाच रोजचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी दार उघडताना आपण वेगळीच भाषा बोलू लागतो.

काय बोलतो? संस्कार होतील. एकाग्रता वाढेल. गणित सुधारेल. मुलं वाईट मार्गाला लागणार नाहीत. आता बघा, सुखवस्तू घरातल्या मुलीला सतारीच्या क्लासला घालताना ती वाईट मार्गाला लागू नये म्हणून घातली, असं कुणी म्हणतं का? 'तिला आवडतं' एवढं कारण तिथं पुरतं. गरिबाच्या मुलाला मात्र आवडण्याची मुभा नाही, त्याला फायदाच व्हायला हवा. या फरकात उपकाराचा वास आहे, आणि मुलांना तो आपल्याआधी येतो.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी 'एल सिस्तेमा' सुरू केलं. असंख्य मुलांच्या हाती व्हायोलिन आलं, ही मोठीच गोष्ट. पण संगीतानं समाजाचा उद्धार, ही त्या चळवळीची घोषणा. जेफ्री बेकर या अभ्यासकानं २०१४ च्या आपल्या पुस्तकात तिच्यावर कठोर टीका केली. त्याचा रोख असा, की उद्धाराच्या नावाखाली शिस्त आणि आज्ञाधारकपणा यांनाच महत्त्व आलं. ही टीका सगळी मान्य करायला नको, पण ती विसरूनही चालणार नाही.

इथं आम्हाला ॲरिस्टॉटल आठवतो. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात तो विचारतो, मुलांना संगीत कशाला शिकवायचं? करमणूक आणि चारित्र्य ही उत्तरं तो नाकारत नाही, पण फुरसत नीट घालवता येणं हेही त्याला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. गंमत म्हणजे 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला, त्याचा मूळ अर्थ फुरसत असाच आहे. मात्र त्याची फुरसत होती मुक्त नागरिकांची, गुलामांच्या घामावर उभी राहिलेली. आपल्याला त्याचा विचार घ्यायचा आहे, त्याची यादी नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम विश्रांती, फुरसत, खेळ आणि कलांमधला सहभाग हा प्रत्येक मुलाचा हक्क मानतं. भारतानं ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. म्हणजे ही मैफल ज्याची त्याला पोचवणं आहे.

असं मानलं की 'कसं' आपोआप बदलतं. पाचशे मुलं मैदानात बसवून, ध्वनिक्षेपक लावून, पाहुण्यांच्या भाषणानंतर उरलेल्या अर्ध्या तासात गाणं उरकता येणार नाही. एका वर्गात, हाताच्या अंतरावर, पुन्हा पुन्हा जावं लागेल. तानपुऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा एखाद्या मुलाला हळूच सरकवू द्या. एका जागी तार बोलायला लागते, जरा पुढं गेलं की मुकी होते. हे व्याख्यानानं कळत नाही, बोटांना कळतं.

आणि त्या तानपुऱ्याची गोष्टही सांगा. त्याचा भोपळा शेतात पिकतो. मिरजेत तो घडवणाऱ्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, घडवणारे लोक. आपण 'अभिजात' म्हणतो त्याच्या मुळाशी कष्टकऱ्यांचे हात आहेत. ज्या मुलाचे वडील वेल्डिंग करतात, आई शेतात राबते, त्याला हे संगीत वरून खाली आलेलं वाटायचं कारण नाही. त्याच्या घरात ओवी असेल, गल्लीत हलगी असेल. कलावंतानं तीही ऐकावी. हलगीचा ठेका ऐकून तबलजीचे डोळे चमकले, तर ते त्या मुलाला दिसू द्या.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. ऐकून झाल्यावर एखादी मुलगी म्हणाली, "मला नाही आवडलं," तर शिक्षकांनी डोळे वटारू नयेत. नावडीचा अधिकार असलेलाच खरा श्रोता. काय नाही आवडलं, हे तिला विचारा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. कार्यक्रमाच्या अहवालात टाळ्या किती पडल्या ते लिहितात; आमची सूचना अशी, की मुलांनी काय विचारलं आणि कशाला नाक मुरडलं, तेही लिहावं.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ या, आणि मतभेद असतील तर ते आधी घेऊ या.