‘हैफाला परतणारा’ : तिसऱ्या भाषेतील संवाद

घस्सान कनाफानी यांची ‘आइद इला हैफा’ ही अरबी लघुकादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. कर्ता पॅलेस्टिनी मुक्तिलढ्यातील एका लढाऊ आघाडीचा प्रवक्ता. १९७२ साली बैरूट येथे त्याची हत्या झाली. अशा लेखकाकडून प्रतिपक्षाचे चित्र एकरंगी उतरणार, ही अपेक्षा स्वाभाविक होय. ती फोल ठरते, व कशामुळे ठरते हे पाहण्यासारखे आहे.

एप्रिल १९४८ मध्ये हैफाच्या पाडावात सईद व साफिया यांचे पाच महिन्यांचे मूल, खल्दून, घरात मागे राहते. जून १९६७ च्या युद्धानंतर सीमा खुली होताच ती दोघे रामल्लाहून घर पाहावयास येतात. दार उघडते ती मिरिअम. ही पोलंडची, पिता ऑश्विट्झमध्ये गेलेला, धाकटा भाऊ जर्मन सैनिकांनी मारलेला. मूल तिनेच वाढविले आहे. त्याचे नाव आता डोव्ह, अंगावर इस्रायली सैन्याचा गणवेश.

यजमानीण व पाहुणे बोलतात ते इंग्रजीत. अरबी व हिब्रू या एकाच सेमिटिक कुळातील भगिनी. घराला एकीत ‘बैत’ तर दुसरीत ‘बयित’. पुत्राला ‘इब्न’ व ‘बेन’. वाद आहे तो नेमका घराचा आणि पुत्राचा. तरीही ही दोन्ही नावे उच्चारण्यासाठी उभयतांना १९४८ साली निघून गेलेल्या राज्यकर्त्यांची भाषा उसनी घ्यावी लागते. त्या भाषेत कोणाचेच अंगण नाही. म्हणूनच तीत मोजके, सावकाश बोलता येते. सईद मोरपिसांची चौकशी करतो. पूर्वी सात होती, आता पाचच दिसतात. मुलाने लहानपणी खेळताना हरवली असावीत, असे मिरिअम सांगते. हरवलेल्या मुलाचे बालपण पित्यास कळते ते एवढेच.

परंतु कादंबरीचे मर्म या संभाषणापेक्षाही मिरिअमच्या एका आठवणीत आहे. हैफात आल्यावर तिने सैनिकांना एका मृत बालकाचे शव ट्रकमध्ये भिरकावताना पाहिले. ते बालक अरब आहे हे तिने ओळखले फेकण्याच्या रीतीवरून! तिला आपला भाऊ आठवला व ती इटलीला परत जाण्याचा हट्ट धरू लागली. येथे कनाफानींनी शत्रूच्या स्त्रीला आपल्या बाजूची सर्वांत तीव्र साक्ष देण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो तिच्याच दुःखातून निष्पन्न होतो.

डोव्हच्या प्रवेशानंतर मात्र कलाकृतीचा तोल ढळतो. पितापुत्र माणसे न राहता दोन पक्षांचे वकील होतात. प्रवक्ता कादंबरीकारावर मात करतो. तथापि शेवट समेटाचा नाही, हे दोषास्पद मानणे मात्र युक्त नव्हे. मिरिअमचे दुःख जाणल्याने सईदचा दावा सैल होत नाही. उलट परतताना, धाकटा पुत्र खालिद आपल्या अनुपस्थितीत लढ्यात सामील झाला असावा, अशी इच्छा तो करतो. पूर्वी त्यानेच त्याला अडविले होते. घर मिरिअमकडेच राहते, आणि तिने आपण होऊन ते सोडावे असे सईद एकदाही म्हणत नाही.